एक रुपया बारा आणे

घर विकायला काढले की पहिला प्रश्न वकील विचारतो : ‘मूळ कागद आहेत का?’ २००९ साली आम्ही तालुक्याच्या गावचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरवले, तेव्हा आम्हालाही तो विचारला गेला. वडिलांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वरचे कागद मराठीत टंकलेले होते. त्यांखाली नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या आणि तळाशी पिवळ्या फडक्यात बांधलेला मोडी कागदांचा जुडगा. वडील म्हणाले, ‘हे तुझ्या पणजोबांचं खरेदीखत. वाचता कोणालाच येत नाही, पण घर आपलं आहे ते याच्यामुळे.’

मी पेशाने कारकून, इतिहासाचे शिक्षण म्हणून काही झालेले नाही. पण मोडीच्या संध्याकाळच्या वर्गाला वर्षभर गेलो होतो आणि जुडगा सोडवायचा मोह आवरेना. पहिला कागद वाचायला तीन आठवडे लागले. शके १८२०, वैशाख मास, म्हणजे १८९८ चा उन्हाळा. घर दोन खण, पुढे ओटा, मागे परसू. चतुःसीमा दिलेल्या. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह घर दिल्याचे म्हटलेले. ही शब्दांची माळ इनामपत्रांपासून चालत आलेली आहे आणि आजच्या संगणकावरच्या खरेदीखतांतही ती जशीच्या तशी सापडते. दोन खणांच्या घरात कसला आला निधी-निक्षेप! पण लिहिणारा काही गाळत नाही. किंमत रुपये १७५, ‘रोख भरून पावलो’. खाली लिहून देणाराची निशाणी : नांगर.

ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढी किंवा लिहिणाराकडून काढून घेई. सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, तसा शेतकऱ्याचा नांगर. त्या चार रेघांना पुढे कायद्यातही अर्थ होता. तो मला बऱ्याच उशिरा कळला.

इथवर सगळे ठीक होते. दुसरा कागद उलगडला तेव्हा मात्र थबकलो. तारीख तीच, लिहिणारा तोच, साक्षीदारांपैकी दोघे तेच. ही होती भाडेचिठ्ठी. सकाळी ज्याने घर विकले, त्यानेच त्याच दिवशी ते घर माझ्या पणजोबांकडून अकरा महिन्यांच्या बोलीने भाड्याने घेतले होते. भाडे दरमहा एक रुपया बारा आणे.

मी पेन्सिल घेतली. दरमहा पावणेदोन रुपये म्हणजे वर्षाचे एकवीस. १७५ रुपयांवर एकवीस म्हणजे शेकडा बारा, अर्थात दरमहा दरशेकडा एक रुपया. भाडे घराच्या लांबीरुंदीवरून ठरते, मागणीवरून ठरते. ते मुद्दलाच्या एक टक्क्याला आण्याआण्याने जुळत नाही. जुळते ते व्याज.

हा प्रकार आमच्याच घरी झाला असे नाही. दख्खनमध्ये तो इतका रुळलेला होता की त्यावर कायदे झाले आणि लंडनपर्यंत दावे लढले गेले. गहाण ठेवले तर ऋणको कधी तरी पैसे घेऊन दारात उभा राहणार, कोर्ट हिशेब मागणार. त्यापेक्षा खरेदीखतच लिहून घ्यायचे. पैसे मुदतीत आले तर घर-जमीन परत करण्याचा शब्द द्यायचा, कधी तोंडी, कधी वेगळ्या कागदावर. तोवर मूळ मालक जागेवरच राहणार, फक्त व्याजाचे नाव भाडे. याला ‘मुदत खरेदी’ म्हणत. त्याआधीचा जुना प्रकार ‘गहाण लहाण’, म्हणजे मुदत टळली तर गहाणाचीच खरेदी झाली असे समजावे, अशी अट. पेशवाईतली रीत काय होती यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. मला इथे इंग्रजी अमलातली कथा सांगायची आहे, कारण आपली आजची खरेदी-विक्री त्याच कायद्यांवर उभी आहे.

मुंबई हायकोर्टाने १८६४ मध्येच ‘रामजी विरुद्ध चिंतो’ या दाव्यात गहाण लहाणाची अट शब्दशः मानायचे नाकारले. गहाण ते गहाणच. मुदत टळली म्हणून ऋणकोचा सोडवून घेण्याचा हक्क बुडत नाही, असा त्या निकालाचा रोख. पुढे प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडच्या दाव्यात याच्या उलट मत दिले, तरी मुंबईने आपली वाट सोडली नाही. आपल्याकडच्या न्यायाधीशांना गावातला व्यवहार कसा चालतो हे दिसत होते, असे मला वाटते.

त्याच १८६४ साली स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला. हेतू चांगला होता. कागद सरकारी पुस्तकात उतरला की खोटेपणाला जागा राहणार नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत उलटेच झाले. कागदावर जे आहे तेच खरे, बोललेले खोटे, अशी मोहोर उठली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर जाऊन काय मागितले? रोखे. कर्जरोखे, दस्त, कागद. ते मिळाले की जाळले आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर जमाव पांगला. हे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शेतकरी पक्षकार असेल तर कोर्टाने व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, हिशेब काढावा, असे त्यात होते.

प्रश्न उरला तो खरेदीखताचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ९२ वे कलम सांगत असे की लेखी दस्ताविरुद्ध तोंडी कराराचा पुरावा चालणार नाही. १८८० मध्ये मुंबई हायकोर्टाने यातूनही वाट काढली. पक्षकार व्यवहारानंतर कसे वागले, जागा कोणाच्या ताब्यात राहिली, किंमत वाजवी होती का, हे पाहून खरेदीखत हे गहाणखत होते असे ठरवता येईल, असे म्हटले. पण १८९९ मध्ये ‘बाळकिशनदास विरुद्ध लेग’ या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने ती वाट बंद केली. दस्त वाचा, भोवतालची परिस्थिती पाहा, मनात काय होते याचा तोंडी पुरावा मात्र नको. मुंबई सरकारला मग कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. १९०७ मध्ये शेतकरी कायद्यात १० अ हे कलम आले आणि शेतकऱ्याला, दस्त काहीही म्हणो, व्यवहाराचे खरे स्वरूप तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा मिळाली.

शेतकऱ्याला. म्हणजे ज्याची निशाणी नांगर, त्याला.

आमच्या कागदाची तारीख १८९८ ची. आदल्याच वर्षी दुष्काळ होऊन गेलेला. १८९३ पासून मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला होता. तो मुळात १८८२ चा, पण आपल्याकडे अकरा वर्षे उशिरा आला. शंभर रुपयांवरची विक्री त्यानुसार नोंदणीशिवाय होत नाही, म्हणून १७५ रुपयांचे हे खत रीतसर नोंदलेले आहे. भाडेचिठ्ठी नोंदलेली नाही, कारण वर्षाच्या आतल्या भाड्याला नोंदणीची सक्ती नव्हती. अकरा महिन्यांची ती युक्ती तेव्हापासूनची; आपण लीव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने उगाच आधुनिक समजतो.

आता आजच्या घेणाऱ्याला उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. घर घेताना वकील तीस वर्षांचा ‘सर्च’ घेतो. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली सूची क्रमांक दोन, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, ती वर्षावर्षाने पाहतो. त्यात नोंदलेले दस्त दिसतात, फक्त नोंदलेले. घर पुन्हा परत देण्याचा नुसता करार असेल तर तो नोंदलाच पाहिजे असे नोंदणीच्या कायद्यात नव्हते. तेव्हा १८९८ चा सर्च त्या काळी कोणी घेतला असता, तर त्याला स्वच्छ खरेदी दिसली असती. भाडेचिठ्ठी दिसली नसती आणि परतीचा कागद असलाच तर तोही नाही. सरकारी पुस्तकाने खोटे काही सांगितले नसते. अर्धे तेवढे सांगितले असते. म्हणून सर्चच्या अहवालावर विसंबून न राहता जागेवर कोण राहते, कोणत्या नात्याने राहते, हे दोन शेजाऱ्यांना विचारावे. जुने वकील हे सांगत. अलीकडे जागेवर जाणारा वकील मला क्वचितच दिसतो.

परतीचा कागद होता का? आमच्या पेटीत नाही. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते सुटल्यासारखे म्हणाले, ‘मग झालं तर, खरेदीच होती.’ पण असा कागद आमच्याकडे असायचे कारणच नाही. तो माझ्या पणजोबांनी लिहून दिलेला असणार, म्हणजे असलाच तर त्या शेतकऱ्याच्या घरी. आमच्या पेटीत तो नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जुडग्यात एकूण नऊ भाडेचिठ्ठ्या आहेत. शेवटची १९११ ची. रक्कम सगळ्यांत तीच, एक रुपया बारा आणे. तेरा वर्षांत पैसुद्धा वाढ नाही. भाडे असते तर पणजोबांनी वाढवले असते. माणूस हिशेबी होता, असे घरात सांगतात. चिठ्ठ्या मधल्या काही वर्षांच्या नाहीत, पण भरणा अखंड चालला असे धरले तर २७३ रुपये होतात. मुद्दल १७५. दामदुपटाचा आपला जुना नियम इथे आड येत नाही, कारण तो थकून साठलेल्या व्याजाला लागतो. महिन्याच्या महिन्याला देणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नियमित फेडणारा असा मार खातो.

१९११ नंतर काय झाले याचा कागद नाही. १९०७ चे कलम आलेले होते. त्या माणसाला ते कोणी सांगितले नसावे, किंवा सांगूनही कोर्टफीला पैसे नसावेत, किंवा त्याने खरोखरच घर विकले होते आणि मी पेन्सिलीने नसता संशय उभा करतो आहे. तिन्ही शक्यता मी पुष्कळदा तपासून पाहिल्या आहेत. पहिल्या दोनच मला पटतात. पणजोबांबद्दल असे लिहिताना हात जड होतो. शाळेच्या खोलीला त्यांनी दिलेल्या देणगीचा दगड गावात अजून आहे.

कायद्याने हे सगळे केव्हाच संपले आहे. गहाण सोडवण्याची मुदत जुन्या कायद्यात साठ वर्षे होती. परतीची बोली पाच वर्षांची धरली तरी ती १९६३ मध्ये संपली. त्याच साली आलेल्या नव्या मुदतीच्या कायद्याने साठाची तीस केली. १९२९ च्या दुरुस्तीने तर परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचाच नाही असे ठरवले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी ही दुरुस्ती उलगडून सांगितली. नागपूरला आयुष्य काढलेले हे न्यायाधीश. अशी खते त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. आजही विक्रीच्या रूपाने कर्ज देणारे आहेत, म्हणून तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात सावकाराने अशी घेतलेली मालमत्ता परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिलेला आहे.

आमच्या वकिलांना मी कागद दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, माझा हिशेब ऐकला आणि म्हणाले, ‘साहेब, टायटल क्लिअर आहे. तुम्ही इतिहास नंतर लिहा.’ त्यांचे बरोबर होते. वडिलांचे वय झाले होते, धाकट्या भावाला पैशाची निकड होती. मी सही केली. आजवर मला तो निर्णय चुकला असे वाटत नाही आणि पुरता बरोबर होता असेही म्हणवत नाही.

खरेदीखताच्या दिवशी घेणाऱ्याने मूळ कागद मागितले. तो त्याचा हक्कच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते की पूर्ण किंमत मिळाल्यावर विकणाराने आपल्याजवळचे मालकीचे सर्व दस्त घेणाराच्या हाती द्यावेत. १८९८ चे खत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्याला दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि तळच्या नांगराकडे बोट दाखवून विचारले, ‘हे काय आहे?’

भाडेचिठ्ठ्या मालकीचे दस्त नव्हेत. त्या मी दिल्या नाहीत. नऊच्या नऊ माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांवरच्या आडनावाची दोन घरे त्या गावाच्या वरच्या आळीत आहेत, एवढे मी शोधून काढले आहे.