पणजोबांची काळी पगडी आणि रंगीत काचा

२००४ साली आम्ही आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करून छापून घेतला. प्रती अवघ्या दीडशे, नात्यागोत्यांत वाटण्यापुरत्या. त्यात पणजोबांविषयी लिहिताना एक वाक्य आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने घातले होते : 'ते नेहमी काळी पगडी वापरीत.' आधार होता घरातल्या एकमेव छायाचित्राचा. पाठीमागे शाईने १८९८ हे साल लिहिलेले; पुढे खुर्चीवर ताठ बसलेले पणजोबा, अंगात पांढरा अंगरखा आणि मस्तकावर कोळशासारखी काळी पगडी.

मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी आम्ही तो आत्याला वाचून दाखविला. आत्याचे वय तेव्हा ब्याऐंशी. त्या वाक्यापाशी तिने हात वर करून आम्हांला थांबविले. "अरे, काळी कुठली? लाल होती ती. हिंगुळासारखी. दसऱ्याला पेटीतून बाहेर निघायची. मी हात लावलाय तिला." आम्ही त्या काळी शासकीय सेवेत होतो, आणि वीस-बावीस वर्षे फायली हाताळून आमची एक समजूत पक्की झाली होती, की तोंडी साक्ष आणि कागद यांत विरोध आला तर कागद खरा. पणजोबा गेले तेव्हा आत्या आठ वर्षांची होती. बालपणीच्या आठवणीला रंग चढतच असतो, असे आम्ही मनाशी म्हटले आणि वाक्य तसेच छापले. २००९ साली आत्या निवर्तली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, हे आम्हांला आता अधिक लागते.

सेवानिवृत्तीनंतर आम्हांला छायाचित्रणाचा छंद जडला. इंदुरातील आम्ही सात-आठ जण रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन निघतो. कधी राजवाडा, कधी खान नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, कधी लालबाग. मंडळींत दोन महाविद्यालयीन तरुण आहेत, आणि भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापकांच्या झोळीत एक पत्र्याचा डबा असतो. त्यात पिवळ्या, नारिंगी, तांबड्या, हिरव्या अशा गोल काचा, फडक्यात गुंडाळलेल्या. भिंगासमोर फिरकीने बसवायचे हे फिल्टर. आमच्या तरुण मित्रांना फिल्टर म्हणजे मोबाइलमध्ये बोट लावताच चेहरा उजळवणारी किमया एवढेच ठाऊक होते. डबा पाहून त्यांतला एक म्हणाला, "काका, ही तर लबाडी झाली. जुने लोक जसे दिसेल तसे टिपायचे." आम्ही मान डोलावली. प्राध्यापक मात्र हसले आणि त्यांनी विचारले, "जुन्या फोटोंत आकाश कसे असते, पाहिलेत कधी?"

घरी येऊन आम्ही पाहिले. आमच्या संग्रही लाला दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक आहे. या गृहस्थांविषयी आम्हांला विशेष आत्मीयता, कारण ते आमच्यासारखेच सरकारी नोकर. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ च्या सुमारास ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर लागले. कॅमेरा हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, इथेच. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील एजंट सर हेन्री डॅली आणि महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे काढली. ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नंतर ते नोकरी सोडून हैदराबादला सहाव्या निजामांच्या पदरी गेले. तेथील आपल्या वाचकांना 'राजा मुसव्विर जंग' ही त्यांची पदवी परिचित असेल. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की त्या पुस्तकातील पानामागून पान आम्ही उलटले, आणि मंदिरे, किल्ले, कमानी यांच्या माथ्यावरचे आकाश बहुतेक ठिकाणी कोऱ्या कागदासारखे पांढरे. माळव्यात त्या काळी मेघ येतच नव्हते काय?

पुढच्या रविवारी प्राध्यापकांनी उलगडा केला. त्या काळच्या काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप असे. हा लेप जांभळ्या आणि निळ्या प्रकाशाला हुशार, परंतु पिवळ्याला मंद आणि तांबड्याला पुरता आंधळा. जमिनीवरची वास्तू काचेवर उमटेपर्यंत निळे आकाश तीवर इतके उमटून जाई, की छापताना तेथे पांढरेफटक उरे आणि ढग त्यात बुडून जात. यावर छायाचित्रकारांनी आपापले तोडगे काढले होते. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर जोडून छापत असे. म्हणजे ज्याला आमचे तरुण मित्र लबाडी म्हणत होते, ती या कलेच्या बाल्यावस्थेतच तिच्यासोबत होती. आणि तिचा हेतू डोळ्यांना दिसलेले दाखविणे हाच होता. काही न करता जे निघे, तेच खोटे असे.

या आंधळेपणावरचा उपाय अकल्पितपणे सापडला. बर्लिनचे हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये असे आढळले, की लेपात काही रंगद्रव्ये मिसळली तर काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देऊ लागते. त्यातून 'ऑर्थोक्रोमॅटिक' काचा आल्या. तरीही निळ्याचा लोभ सुटला नव्हता. म्हणून भिंगापुढे पिवळी काच धरू लागले. ती निळा प्रकाश काही प्रमाणात अडवते, आकाशाला किंचित गडदपणा येतो, आणि ढग प्रगट होतात. प्रकाश अडवला म्हणजे काच अधिक वेळ उघडी ठेवणे ओघानेच आले. साध्या पिवळ्या फिल्टरला दुप्पट प्रकाश लागतो, गडद तांबड्याला आठपट. तांबडा प्रकाश टिपणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' काचा इंग्लंडच्या रॅटन आणि वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणल्या. पुढे १९१२ साली ती कंपनी कोडॅकने घेतली, पण फिल्टरांना रॅटनचेच क्रमांक आजतागायत चालू आहेत. ज्यांच्या घरी किंवा शेजारी कुणाची डार्करूम होती, त्यांना आठवेल की तेथे लाल दिवा जळत असे. जुनी फिल्म आणि फोटोचा कागद लाल रंगाला आंधळे असत म्हणूनच तो चाले. पॅनक्रोमॅटिक फिल्म धुताना मात्र मिट्ट काळोख लागे.

लाल रंगाला आंधळे! हे शब्द कानी पडले आणि आम्ही छत्रीच्या पायरीवर बसूनच राहिलो. काचेला जे दिसत नाही ते कागदावर काळे उमटते. झेंडूचे तोरण काळपट, हळद लावलेला हात सावळा, भगवी पताका काळी. आणि हिंगुळी पगडी?

आम्ही प्राध्यापकांना सारी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "करून पाहू." तांबड्याला आंधळी काच आज कोठून आणणार? पण डिजिटल कॅमेऱ्यापुढे गडद निळी काच धरली, की तांबडा आणि पिवळा प्रकाश आत जातच नाही, आणि तो कॅमेराही जवळजवळ जुन्या काचेइतकाच आंधळा होतो. त्यांच्या डब्यात एवढी गडद निळी काच नव्हती. ती अडचण आमच्या एका नाट्यवेड्या स्नेह्यांनी दूर केली. रंगमंचावर चांदणी रात्र दाखविताना दिव्यांपुढे लावतात तो निळा जिलेटिन कागद त्यांच्याकडे उरलेला होता. त्याच्या दोन घड्या भिंगावर रबराने बांधल्या. पगडी मिळाली एका परिचित घराण्याकडून. लाल, जुनी, कडेला थोडी जर असलेली. मालकीणबाईंनी ती पितळी डब्यातून काढून देताना दोनदा बजावले, की ऊन लागू देऊ नका. त्यांना आम्ही दहा मिनिटांचा शब्द दिला होता, तो अर्ध्या तासापर्यंत लांबला, याची कबुली येथेच देऊन टाकतो.

कृष्णपुऱ्याच्या छत्रीत, खांबांच्या सावलीत त्या तरुणाला बसवून पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. कॅमेरा कृष्णधवल चित्रे घेईल असा लावला. प्रथम काहीही न लावता घेतले : पगडी मध्यम करडी. पिवळी काच लावून फार फरक पडला नाही. मागच्या आकाशाच्या फटीत मात्र ढगाचा पुंजका उमटला. तांबड्या काचेने पगडी जवळजवळ पांढरी झाली, चेहरा तुकतुकीत, आणि आकाश वादळ येण्यापूर्वीसारखे काळवंडले. शेवटी निळा कागद. आम्ही पडद्यावर पाहिले आणि क्षणभर बोलता आले नाही. पगडी कोळशासारखी काळी, गव्हाळ चेहरा मूळच्यापेक्षा दोन छटा सावळा, मागचे आकाश कोरे पांढरे. पणजोबांच्या छायाचित्रातला तोच काळेपणा, आणि चेहऱ्याचा तोच राकटपणा. आमच्या घराण्यात पणजोबा वर्णाने फार सावळे होते अशी आणखी एक समजूत आहे, तिचाही उगम बहुधा त्या काचेतच असावा.

येथे उत्साहाला आवर घालणे आवश्यक आहे. प्राध्यापकांनीच तो घातला. लाल पगडी काळी उमटते हे सिद्ध झाले. परंतु काळी पगडीही काळीच उमटते. सबब, छायाचित्र पाहून पणजोबांची पगडी लाल होती असे सिद्ध होत नाही. शिवाय लाल वस्त्र प्रत्येक वेळी काळेच येईल असेही नाही. याचा एक मजेदार दाखला इतिहासात आहे. १८६१ मध्ये लंडनला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या द्रवांतून घेववून, ती पडद्यावर एकत्र पाडून जगातले पहिले रंगीत छायाचित्र दाखविले. त्या काळची काच तर तांबड्याला आंधळी, मग तांबडा भाग उमटला कसा? शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी छडा लावला : फितीचा तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होता, आणि ते द्रवातून निसटून काचेवर पोचले होते. मॅक्सवेल यांचे अनुमान खरे ठरले ते असे नशिबाने. (त्यांच्या तीन काचांची युक्ती मात्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा किंवा निळा असा एक सूक्ष्म फिल्टर बसविलेला असतो. त्या मांडणीचे पेटंट कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये मिळाले. फिल्टरला लबाडी म्हणणाऱ्या आमच्या मित्राला हे सांगितले, तेव्हा त्याने आपला फोन उलटसुलट करून पाहिला.)

तेव्हा आमच्या प्रकरणात उरते काय? कागद या बाबतीत साक्ष द्यायला मुळातच अपात्र. तो लाल आणि काळा यांत भेद करू शकत नाही. लाल की काळी हे ज्यांच्या डोळ्यांना दिसले होते अशी साक्षीदार एकच, आणि तिची साक्ष आम्ही २००४ साली नोंदवूनही घेतली नव्हती. नोकरीत एखाद्या कनिष्ठाने असे केले असते तर आम्ही त्याचे स्पष्टीकरण मागविले असते.

दीनदयाळ यांच्या काचेच्या २८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेऊन जतन केल्या आहेत. त्यांत राजे आहेत, दरबारी आहेत, त्यांच्या पगड्या आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरीही भिंतीवर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात त्या पिढीची छायाचित्रे असतील. त्यांतील काळी पैठणी हिरवी होती की लाल, पताका कोणत्या रंगाची होती, हे सांगू शकणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी कुणी आजी किंवा आत्या असेल, तर छायाचित्र तिच्यापुढे ठेवून ती सांगेल तो रंग पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावा, एवढी विनंती. शाई नको, ती दुसऱ्या बाजूने फुटते.

कुलवृत्तान्ताच्या एकतीस प्रती अजून आमच्या कपाटात शिल्लक होत्या. त्यांत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटविली आहे : 'पृष्ठ १७, ओळ ९. "काळी" या जागी "लाल (हिंगुळी)" असे वाचावे. आधार : आत्याची प्रत्यक्ष पाहिलेली आठवण.' वाटलेल्या प्रतींच्या धन्यांना आता पत्रे लिहीत आहोत. बडोद्याहून एक उत्तर आले आहे. एका चुलतबहिणीने कळविले आहे, की पगडीचे ठाऊक नाही, पण त्याच पेटीतील लाल कापडाचा एक तुकडा तिच्या आईने देवाच्या आसनाखाली घातला होता आणि तो कदाचित अजून तेथे असेल. दिवाळीत जाऊन पाहणार आहोत.