रानमोहरी ओळखायची कशी?

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात किंवा कोंडाईबारी घाटाच्या वाटेवर पिवळ्या फुलांची, मोहरीसारखी दिसणारी रोपे आढळतात. अशा रोपांना सरसकट 'रानमोहरी' म्हटले जाते. मात्र या नावाखाली किमान तीन निरनिराळ्या वनस्पती येतात. त्यांतील एक खाद्य, दुसरी मोहरीच्या दूरच्या नात्यातील, तर तिसरी विषारी आहे. त्यामुळे त्यांची नेमकी ओळख महत्त्वाची ठरते.

खरी मोहरी

मोहरीचे शास्त्रीय नाव 'ब्रासिका जुन्सिया'. शेतातून सांडलेले बी बांधावर, रस्त्याकडेला रुजते आणि हिवाळ्यात फुलते. तिच्या फुलाला चार पाकळ्या असून त्या अधिक चिन्हाप्रमाणे समोरासमोर असतात. पुंकेसर सहा, त्यांपैकी चार लांब व दोन आखूड. शेंग गुळगुळीत, टोकाला चोचीसारखी निमुळती आणि आतून पातळ पडद्याने दुभागलेली असते. कोवळे पान चुरगळल्यास मोहरीचा परिचित तिखट वास येतो. खोडावर काटे नसतात.

पिवळी तिळवण

पावसाळ्यात पडीक जमिनीवर उगवणारी पिवळी तिळवण म्हणजे 'क्लिओमी व्हिस्कोसा'. हिच्याही पाकळ्या चारच असल्याने हमखास फसगत होते. परंतु या पाकळ्या चारी दिशांना न पसरता एका बाजूला वर झुकलेल्या असतात आणि पुंकेसर सहापेक्षा बरेच अधिक असतात. पान तीन ते पाच पर्णिकांचे असते. संपूर्ण झाडावर चिकट लव असल्याने हात लावताच बोटे चिकटतात व उग्र दर्प येतो. शेंगेवर उभ्या रेषा असतात. बी बारीक व सुरकुतलेले असते. वनस्पतिशास्त्रात तिळवणीचे कूळ मोहरीच्या कुळाला जवळचे मानले जाते. देशाच्या काही भागांत तिचे बी फोडणीसाठीही वापरले जाते.

पिवळा धोत्रा

खरा धोका आहे तो पिवळ्या धोत्र्यापासून. 'आर्जिमोन मेक्सिकाना' या शास्त्रीय नावाची ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. आज ती भारतभर पडीक जमिनीवर व नदीकाठी माजलेली दिसते. नावात धोत्रा असला तरी ती अफूच्या कुळातील आहे. निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा आणि कडांना तीक्ष्ण काटे असतात. पाकळ्या चार ते सहा, बहुधा सहा असतात. देठ मोडताच पिवळा चीक येतो. मोहरीसारखी लांब शेंग न येता काटेरी बोंड येते. झाड समोर असताना गफलत होणे कठीण. पण बोंडातील काळसर बी हुबेहूब मोहरीसारखे दिसते आणि मोहरीच्या काढणीच्या सुमारासच तयार होते.

या बियांच्या तेलातील सँग्विनरीन हे द्रव्य विषारी आहे. ते पोटात गेल्यास पायांवर सूज येते, धाप लागते, हृदयावर ताण येतो आणि काही रुग्णांत काचबिंदू उद्भवतो. या विकाराची साथ 1877 मध्ये कोलकात्यात नोंदली गेली. 1998 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे 60 हून अधिक लोक दगावले. या विषावर विशिष्ट उतारा नाही. संशयित तेल तत्काळ बंद करून रुग्णालय गाठणे हाच पहिला उपाय होय.

बी पारखताना

मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, तर पिवळ्या धोत्र्याचा खडबडीत व अधिक काळा. दाणा दाबून फोडल्यास मोहरी आतून पिवळी, तर धोत्र्याचे बी पांढरे दिसते. तेलातील भेसळीसाठी प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाची चाचणी करतात. नारिंगी ते तांबडा रंग आल्यास भेसळीचा संशय बळावतो. ही चाचणी घरी करू नये.

खान्देशात मोहरी प्रामुख्याने फोडणीपुरती वापरली जात असली, तरी डोंगरातून गोळा केलेले वा सुटे घेतलेले बी निवडून घेणे हिताचे. केवळ फुलाच्या रंगावर विसंबू नये. पान, चीक, शेंग आणि बी या चारही खुणा पटल्याशिवाय कोणतीही 'रानमोहरी' स्वयंपाकघरात नेऊ नये.