पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनातील आनंदाचा कालनिर्णय

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राची मांडणी करताना पुष्कळदा एक ठरावीक क्रम पाळण्यात येतो : आधी आप्तांचे मृत्यू, मग २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा, आणि त्यानंतर मनःशांती. दुःखाने पोळलेल्या विधवेस परधर्मात सांत्वन लाभले, असा या मांडणीचा मथितार्थ. बाईंचा कैवार घेणारे आणि त्यांच्यावर टीका करणारे असे दोघेही या क्रमाचा आश्रय करतात, हे विशेष होय. परंतु बाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनाशी तो जुळत नाही.

दुःखाविषयी वाद नाही. मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण ही तिघे गेली. आईच्या प्रेताला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंना तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे १८८० मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्री आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. इंग्लंडात सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी १८८३ मध्ये वाँटेज येथे आत्मघात केला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सांत्वनाची उपपत्ती सहज सुचावी असाच हा घटनाक्रम आहे.

मात्र बाई स्वतः सांगतात ते निराळे आहे. बाप्तिस्म्याने आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. हा भेद ध्यानी येण्यास आठ वर्षे लागली, असे त्यांचे निवेदन आहे. म्हणजे ज्याला त्या खरा व टिकाऊ आनंद म्हणतात त्याचा आरंभ १८९१ च्या सुमारास, पुण्यात, धरावा लागतो. निमित्त झाले विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचे. वर्षानुवर्षे प्रवचने करूनही आपण अंतरी कोरडेच राहिलो, असे त्या गृहस्थास आढळून आले होते. बाईंसारख्या व्युत्पन्न स्त्रीला एखाद्या प्रमाणग्रंथापेक्षा ही साधी कबुली अधिक भिडली.

येथे एक आक्षेप संभवतो. हे आत्मकथन १९०५ साली केडगावी झालेल्या धर्मजागृतीनंतरचे आहे. त्या जागृतीची छाया पूर्वस्मृतींवर पडली नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याची छाननी समकालीन पत्रांवरून करता येते. वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व चर्चचा अधिकार यांवर रमाबाई इरेसरीने वाद घालताना दिसतात. विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सोडण्यास त्या तयार नाहीत. सांत्वन पावलेल्या व्यक्तीची ही पत्रे नव्हेत. अस्वस्थ जिज्ञासूची आहेत. आत्मकथनातील आठ वर्षांच्या अंतरास त्यांचा पाठिंबाच मिळतो.

हा कालनिर्णय मान्य केला म्हणजे कार्यकारणाची दिशाच पालटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे अभिवचन होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार मंडळात होते. बाई मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. हा वचनभंग होय की नव्हे, यावर पुण्यात रण माजले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांच्या बाजूने विचार करता त्यांचा संताप निराधार म्हणता येत नाही. आपल्या मुद्द्यापुरते महत्त्वाचे ते इतकेच की, येथे आनंद हा संकटावरचा उतारा म्हणून आलेला नाही. तो आधी आला आणि त्यानेच संकट ओढवले. तो लपवून ठेवता आला असता तर सदन निर्वेध चालले असते.

१८९६–९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. स्वतः भुकेने गावोगाव हिंडलेल्या स्त्रीचे हे जाणे होते. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावचे माळरान वसले आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे दळण, विणकाम, शेती, छपाई ही कामे मुलीच करीत. बाईंच्या लेखी आनंद म्हणजे या कष्टांतून सुटका नव्हती. केडगावचे दैनंदिन जीवन तर अत्यंत काटेकोर होते.

अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२१ च्या जुलै महिन्यात, ज्या मनोरमेकडे संस्थेचा भार सोपवावयाचा ती वारली. बाईंनी भाषांतराची मुद्रिते तपासणे चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी जुळविलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.