नवेगांवबांध : तळ्यानें वसविलेलें गांव

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा किल्ले, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. ज्या गांवीं लढाई झाली नाहीं व जेथें कोणा राजानें राजधानी केली नाहीं, त्या गांवास इतिहास नाहीं अशीच आपली समजूत झालेली असते. या समजुतीस उत्तर म्हणून एका लहानशा गांवाची हकीगत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या गांवांत इतिहासाचा लेख ताम्रपटावर नाहीं, मातीच्या एका पाळीवर आहे.

वैनगंगेच्या पूर्वेस, भंडाऱ्याहून साकोलीकडे व तेथून दक्षिणेस गेलें म्हणजे धानाच्या बांध्या, साग-मोहाचें रान आणि मधून मधून चकाकणारें पाणी असा देखावा सुरू होतो. याच भागांत नवेगांवबांध आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याची वांटणी झाली, तेव्हांपासून हें गांव गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत मोडतें. परंतु आम्हांस जी हकीगत सांगावयाची आहे तिचा बहुतेक भाग जुन्या भंडारा जिल्ह्याचा आहे, आणि साकोली, लाखांदूरकडील कित्येक गांवांस ती थोड्याफार फरकानें लागू पडते.

येथें पाऊस थोडा पडतो असें कोणी समजूं नये. वर्षाला सुमारें ५० इंच पाऊस पडतो. पण तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. धानाचें पीक ओंबीवर येतें तें मात्र त्याच्या अखेरीस. हस्त नक्षत्र कोरडें गेलें कीं चार महिन्यांची मेहनत आठ-पंधरा दिवसांत वाळून जाते. येथील शेतकऱ्याचें दैव ठरतें तें या शेवटच्या पाण्यावर. भूमीची रचना मात्र त्याच्या साह्यास आली आहे. जागोजाग लहान टेकड्या आहेत. दोन टेकड्यांमधील खिंड मातीनें बुजविली कीं मागें पाणी सांठतें. पाळीच्या खालच्या अंगास धान पिकतो. तळें भरून वाहूं लागलें म्हणजे जादा पाणी सलंगावरून निघून खालच्या तळ्यांत वा बोडींत जातें. अशीं तळीं एकाखालीं एक बांधलेलीं असतात. म्हणून वरच्या गांवाची पाळ फुटली कीं खालच्या गांवाचीहि झोंप उडते.

हीं तळीं बांधणाऱ्या लोकांत कोहळी जातीचें नांव अग्रगण्य आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां तेथील या लोकांचें कौशल्य पाहून त्यानें त्यांस आपल्या राज्यांत आणिलें, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेचा खरेपणा कसाहि असो. पाणी कोठें थांबेल हें ओळखण्यांत व धानाबरोबर ऊंस पिकविण्यांत या लोकांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

नवेगांवचें तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधिलें असें सांगतात. जुन्या सरकारी गॅझेटियरांत त्याचें क्षेत्र सुमारें ५ चौरस मैल व घेर सुमारें १७ मैल दिला आहे. भोंवतालच्या सात शिखरांस लोक 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींनीं बांधाचें काम शेवटास नेण्यास साह्य केलें, व कोलू पाटलानें कृतज्ञतेनें प्रत्येकीच्या नांवें एकेक दगड मांडिला, अशी आख्यायिका आहे. पुढें लोकांनीं पाटलासच कोलासूर देव करून त्याचें ठाणें तळ्याजवळ स्थापिलें. या कथेंत आम्हांस मोठें मर्म दिसतें. बांध एकट्या माणसाचें काम नव्हे, डोंगराची संमति आणि अनेकांचे हात त्यास लागतात, हेंच ती आपल्या भाषेंत सांगते.

इंग्रजी अमलांत जमाबंदी झाली आणि गांवांची मालकी मालगुजारांकडे आली. तळींहि त्यांच्या नांवें लागलीं. ती व्यवस्था आदर्श होती असें आम्ही म्हणत नाहीं. पाळीवर माती टाकणाऱ्या मजुराच्या वांट्यास जमीन क्वचितच आली. तळ्यांत जाळें टाकणाऱ्या ढिवराच्या वांट्यास पाणी होतें, पण पाण्याखालील जमीन नव्हती. तथापि तळें गांवाच्या नजरेसमोर होतें. उन्हाळ्यांत पाळ दुरुस्त झाली नाहीं तर कोणास विचारावयाचें हें प्रत्येकास ठाऊक होतें, आणि ज्यास विचारावयाचें त्याचीहि शेती त्याच पाण्यावर होती.

मध्यप्रदेश सरकारच्या १९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून तळीं सरकारचीं झालीं. १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. मालगुजारी जावयासच हवी होती, यांत शंका नाहीं. परंतु मालकाबरोबर पाळीची निगाहि गेली. दूरच्या कचेरीस तळें हा दप्तरांतील एक आंकडा होता. मोठें धरण तिला अधिक मोहक वाटलें. गाळ सांचला, पाळींवर झाडें वाढलीं, तळ्यांच्या पोटांत शेतें शिरलीं. विदर्भाच्या पूर्वभागांतील अशा सहा हजारांहून अधिक तळ्यांस आज लोक 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव.

नवेगांवच्या तळ्यास निराळेंच भाग्य लाभलें. १९७५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनानें येथील पांखरें घरोघरीं पोंचलीं. २०१३ सालीं हें रान नागझिऱ्यासह व्याघ्रप्रकल्पांत आलें. आज दूरदूरचे लोक येऊन हें पाणी पाहतात. त्यांतील पुष्कळांस तें निसर्गाचेंच दान वाटतें. तें माणसांनीं टोपल्या वाहून सांठविलें आहे हें त्यांच्या ध्यानींहि येत नाहीं.

या तळ्यांचीं नांवें पाहिलीं कीं आमच्या मनांत एक विचार येतो. सरकारी दप्तरानें तळ्यास नांव दिलें तें त्याच्या गेलेल्या मालकाचें. गांवानें ज्यास देव केलें तो मात्र तें बांधणारा होता. दोहोंपैकीं इतिहासाची समज कोणास अधिक होती, हें वाचकांनींच ठरवावें. आतां गाळ काढण्याच्या योजना निघत आहेत, ही चांगलीच गोष्ट होय. परंतु केवळ गाळ काढल्यानें तळें जगत नाहीं. पाळ फुटली तर रात्रीं धांवून जाणारा कोण, याचें उत्तर ज्या गांवाजवळ आहे त्याचेंच तळें टिकतें. मजूर, ढिवर आणि लहान शेतकरी या सर्वांस पाण्यांत वांटा मिळेल तेव्हांच तें उत्तर गांवाला देतां येईल. आणि तो वांटा कोलू पाटलाच्या काळींहि पुरता दिला गेला नव्हता, हें आम्हीं विसरतां कामा नये.