मुखापासून जठरापर्यंत : डॉ. वसंत खानोलकर आणि मुंबईतील ऊतक-अभ्यास

प्रस्तावना :
ग्रासनलीपासून पुढे मानवी पचनमार्गाची भित्तिका चार स्तरांची असते : श्लेष्मल स्तर, अधःश्लेष्मल स्तर, स्नायुस्तर आणि बाह्य आवरण. मुख व ग्रासनली यांचे अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. जठराच्या आरंभी त्याची जागा स्तंभाकार पेशींचा एकच थर घेतो. अन्नाचे घर्षण सोसणे हे पहिल्याचे कार्य, तर स्रवण हे दुसऱ्याचे. वसई-विरारपासून मुंबईपर्यंत सर्वत्र आढळणारी पान-तंबाखूची सवय या पहिल्या अस्तरावरच आघात करते. ही जाणीव शास्त्रीय पायावर उभी करण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे.

विवेचन :
डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे भारतातील विकृतिशास्त्राचे अग्रणी मानले जातात. १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. तंबाखूसह विडा चघळणाऱ्यांतील मुखकर्करोगाकडे त्रावणकोरमधून डॉ. ऑर यांनी १९३३ मध्येच लक्ष वेधले होते. खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतील सलग १००० मुखकर्करोग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. काचपट्टीवरील पेशी पाहून रोगाचे निदान होते. परंतु तो रोग त्याच जागी का झाला, याचे उत्तर रुग्णाच्या दैनंदिन जीवनात शोधावे लागते, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होय. म्हणूनच समाजासमाजांतील चालीरीती व सवयी हा त्यांच्या संशोधनाचा विषय बनला.

१९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशालगतच्या भागातील अधःश्लेष्मल तंतुमयतेचे वर्णन केले. या विकारात अस्तराखालील मऊ ऊतक ताठर होते आणि तोंड उघडणे कठीण जाते. त्याचा संबंध पुढे सुपारीशी जोडला गेला.

समारोप :
आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा १९८५ मध्ये, तर सुपारी २००४ मध्ये कर्करोगजनक ठरविली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. १९४४ चा आढावा आणि ही बंदी यांत ६८ वर्षांचे अंतर आहे. ज्ञान उपलब्ध होते. ते समाजापर्यंत पोहोचण्यास विलंब झाला. त्यामुळे ग्रासनलीचा छेद शिकविताना केवळ स्तरांची नावे न सांगता हा इतिहासही सांगणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.