आंबट पानाचा मागोवा

छत्तीसगडमधल्या खारून नदीकाठच्या कुम्हारीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो. दुपारी रस्ते ओस पडतात, आणि कुंडीतली पानफुटी मात्र टवटवीत असते. तिच्या या तग धरण्याचा पहिला धागा भारतातच सापडला, तोही जिभेने.

बेंजामिन हाईन हा मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीतला शल्यवैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक. पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागते, हे त्याने पत्रात लिहिले. १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने ते छापले. उन्हात पानातला प्राणवायू निघून जातो, म्हणून आंबटपणा ओसरतो, असा त्याचा तर्क होता. तर्क अपुरा, पण निरीक्षण चोख.

खरे कारण पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांत, म्हणजे पर्णरंध्रांत दडले होते. मालपिघी आणि ग्रू यांनी ती सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. नुसते पाहून मात्र भागत नव्हते. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकली आणि ती सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाकाठी सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी झाडातून, बहुतेक याच रंध्रांवाटे, हवेत जात होते. १८५६ मध्ये ह्यूगो फोन मोल यांनी उघडझाप उलगडली: रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. त्या फुगतात पोटॅशियममुळे, हे ठळक व्हायला १९६८ उजाडले. आणि पाणी तुटले की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे झाडातले संप्रेरक रंध्रे मिटवते, हे त्याच सुमारास कळले.

मग झाड रंध्रे कायमची मिटून का घेत नाही? कारण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने आत येतो. भातासारख्या पिकात त्याचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण चारशे रेणू जातात. हा सौदा महागडा आहे, पण टाळता येत नाही. पानफुटी तो रात्री उरकते. हवा गार असताना रंध्रे उघडून ती कार्बन डायऑक्साइड घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, आणि दिवसा रंध्रे मिटून तोच साठा उन्हात वापरते. पहाटेचा आंबटपणा तो हाच. पाणी कित्येक पटींनी वाचते; मात्र साठ्याला मर्यादा असल्याने वाढ मंद होते. भाताला ही मंद चाल परवडणारी नाही.

अवर्षणात मराठवाड्यातल्या मोसंबी बागांवर केओलिन फवारतात, तोही याच सौद्यात हस्तक्षेप. पांढऱ्या मातीचा थर ऊन परतवतो, पान थंड राहते आणि बाष्पोत्सर्जन घटते. पण प्रकाशही काही अंशी अडतो. म्हणून माझ्या मते हा उपाय झाड जगवण्यासाठी आहे, भरघोस फळासाठी नव्हे.

शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. पानफुटीचे एक पान पहाटे आणि एक संध्याकाळी ठेचून मुलांना पीएच कागदावर फरक दाखवा. हाईनसारखे चाखायला मात्र देऊ नका. त्या पानात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.