सीडी ते डाउनलोड : सिंगापूरच्या गेम्सची छोटीशी बखर

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगायचा तर जपान-अमेरिकेत जावे लागते. पण गेम 'विकत घेण्या'चा इतिहास सांगायला सिंगापूरइतके सोयीचे गाव नाही, असे माझे मत आहे. सिम लिम स्क्वेअर आणि १९८५ सालचे फुनान ही नावे आपल्यापैकी जुन्या मंडळींना वेगळी सांगायला नकोत. नवीन आलेला पाहुणा मुस्तफात नेला जाई, आणि त्याच्याबरोबर शाळकरी मुलगा असेल तर दुसऱ्या दिवशी सिम लिमला!

डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन जपानात आले आणि काडतुसासारखी महागडी कॅसेट मागे पडून गेम सीडीवर आला. सीडीवर साडेसहाशे एमबी माहिती मावायची आणि ती छापायला अगदी स्वस्त. पण जे छापायला स्वस्त ते चोरायलाही स्वस्त. नव्वदीच्या दशकात इथे नकली सीडींचा धंदा जोरात होता. कन्सोलमध्ये एक बारीकशी चिप डाखून घेतली की त्या चालत. 'शिस्तीचे सिंगापूर' हे वर्णन ऐकून आलेल्या माणसाला ही गोष्ट खरी वाटत नाही, पण होती खरी. १ जानेवारी २००४ पासून अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच वर्षी डिस्क छापणाऱ्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला : परवाना घ्या आणि प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा सांकेतिक क्रमांक उमटवा. एवढ्याशा चकतीसाठी अख्खा कायदा!

मला मात्र यापेक्षा अस्सल डिस्कची गोष्ट सांगायची आहे. गेम महाग, त्यामुळे तो एकाच घरात संपत नसे. आमच्या मुलाने खेळून झालेला गेम खालच्या मजल्यावर जाई, तिथून शाळेच्या बसमधल्या मित्राकडे. कंटाळा आला की सेकंडहँड दुकानात विकून त्यात थोडे पैसे घालून दुसरा आणायचा. ऑर्चर्ड रोडवरच्या फार ईस्ट शॉपिंग सेंटरमधले 'किसान' हे दुकान याच व्यवहारामुळे नावारूपाला आले (नाव ऐकून फसू नका, शेतीशी काही संबंध नाही). एखादे कुटुंब बदली होऊन पुण्याला निघाले की कुकर, पोळपाट आणि गेम्सचा डबा मागे राहणाऱ्यांत वाटला जाई.

अर्थात डिस्कही सगळीकडे चालायची असे नाही. प्लेस्टेशन २ च्या काळात सिंगापूरचा कन्सोल जपानच्या गटात आणि भारतातला युरोपच्या, म्हणून मामाने मुंबईहून आणलेला गेम इथे मुका बसे. २००६ च्या प्लेस्टेशन ३ पासून बहुतेक गेम्सची ही अडचण संपली.

तोवर दुसरी वाट सुरू झाली होती. २००३ मध्ये स्टीम आले. २००४ चा 'हाफ-लाइफ २' दुकानातून डबा आणला तरी इंटरनेटवर नोंदवल्याशिवाय चालत नसे. २०१० पासून सिंगापुरात घरोघर फायबर पोहोचू लागले आणि डाउनलोडला काही तास, मग काही मिनिटे लागू लागली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या डिस्कच्या खरेदी-विक्रीवर बंधने जाहीर केली. एवढा आरडाओरडा झाला की जूनमध्येच ती मागे घ्यावी लागली. पण लोकांनी भांडून वाचवलेली डिस्क सोयीपुढे हळूहळू हरलीच. २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची एक आवृत्ती डिस्कच्या खाचेविना आली. २०२४ च्या 'प्रो'मध्ये ती खाच मुळातच नाही, वेगळी विकत घ्यावी लागते. एचडीबीच्या घरात जागा वाचते, ओरखडे नाहीत, इथल्या दमट हवेची धास्ती नाही, सेलमध्ये गेम कॉफीच्या दरात मिळतो. हे फायदे मी नाकारत नाही.

प्रश्न आपल्यासारख्या फिरत्या माणसांचा आहे. सोनीच्या खात्यावर एकदा नोंदवलेला देश बदलता येत नाही. सिंगापूरहून सिडनीला किंवा बंगळुरूला गेलात तर नव्या देशाच्या दुकानासाठी नवे खाते काढायचे, आणि जुने गेम जुन्या खात्यात. गेम शेजाऱ्याला देता येत नाही, विकताही येत नाही. स्टीमचे खाते तर मृत्युपत्रानेही दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असे २०२४ मध्ये कंपनीने एका ग्राहकाला कळवले. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलांची ऑनलाइन दुकाने बंद केली. ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद पडले, तेव्हा त्याची डिस्क जपून ठेवणारेही हात चोळत बसले, कारण तो गेम इंटरनेटशिवाय चालतच नव्हता. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला : हाती फक्त परवाना देणार असाल तर 'विकत घ्या' असे लिहिताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगा.

जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला. त्याच्या काही गेम्सचे कार्ड दुकानात मिळते, पण त्यात गेम नसतो. कार्ड ही नुसती किल्ली, गेम डाउनलोडच करायचा. धाकट्याने ते दाखवले तेव्हा मी आधी हसलो. मग कळले, ही किल्ली मित्राला उसनी देता येते आणि विकताही येते. त्याने ती पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर दिली.